चित्र आहे, आवाज नाही

टीव्हीतली बाई ऊर फुटेस्तोवर रडत होती, आणि घरात इतकी शांतता होती की चमचा पडला असता तरी सगळे दचकले असते.

"आवाज काढून घेतला की रडणं किती वाईट दिसतं बघा," धाकटा म्हणाला. "हिचा निम्मा पगार कापला पाहिजे."

आणि स्वतःच हसला. तो विजेच्या वस्तूंच्या दुकानात विक्रेता होता. घरात सगळे त्याला शोरूम म्हणत. आपल्या विनोदावर आधी आपण हसलं की गिऱ्हाइकालाही हसावंच लागतं, हे तो दुकानात शिकला होता. इथे गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

बाप गेल्यापासून तिन्ही भावंडं एका खोलीत यायची तर घरातलं काहीतरी बिघडावं लागे. मागे मोरी तुंबली तेव्हा आली होती. आता टीव्हीचा आवाज गेला होता. बापानं आणलेला टीव्ही, जाड पाठीचा, हलवायचा तर दोन माणसं लागणार. मेकॅनिकनं मागचं झाकण काढलं, आत फुंकर मारली, खोकला आणि म्हणाला, "आवाजाचा भाग जळलाय. दुसऱ्या मेलेल्या सेटमधला काढून बसवतो म्हटलं तर बसेल. किती चालेल ते विचारायचं नाही." चहाही न घेता गेला. थोरल्यानं मग अक्काला फोन केला, अक्कानं धाकट्याला. आणि रविवारी दुपारी सगळे हजर.

"दुरुस्तच करा," अक्का म्हणाली. भावंडांत ती सगळ्यांत मोठी. बालवाडीत शिकवून शिकवून तिला प्रत्येक शब्द तोंडभर उच्चारायची सवय लागली होती. "चित्र कसं लख्ख आहे. आणि आईला याचीच सवय. नव्याचं बटण कुठलं, काय कुठलं, कळणार आहे का तिला? हो की नाही गं आई?"

शेवटचं वाक्य तिनं आईकडे वळून मोठ्यानं विचारलं. समोरच्या भिंतीला खाट होती आणि खाटेवर आई पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"हं," आई म्हणाली.

"अक्का, हा दुरुस्त करायचा म्हणजे मेलेल्याला औषध पाजायचं," धाकटा म्हणाला. "मी आणतो नवा. माझ्यातर्फे. आरशासारखा पातळ असतो आता, भिंतीवर टांगायचा आणि विसरायचं."

"कुठल्या भिंतीवर?" थोरल्यानं विचारलं.

त्याला उत्तर माहीत होतं. पाण्याचे मीटर वाचत तो दिवसभर लोकांच्या घरांत शिरायचा. कुठल्या घरात कुठे जागा आहे आणि कुठे नाही, हे त्याला उंबऱ्यावरूनच दिसे. या खोलीच्या एका भिंतीत दार, दुसरीत रस्त्याकडची मोठी खिडकी. तिसरीच्या पलीकडे स्वयंपाकघर. त्या भिंतीत आतून बाहेर भांडी सरकवायची एक चौकोनी खिडकी होती आणि तिच्याखाली हा टीव्ही. राहिली चौथी भिंत. तिला आईची खाट.

"तीच एक आहे," त्याची बायको म्हणाली. ती दारापाशी उभी होती. इतका वेळ तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"आणि तिच्यासमोर सोफा," धाकटा उत्साहानं म्हणाला. "सोफ्याचंही बघतो मी. ओळख आहे."

खाटेचं काय, हे कुणी विचारलं नाही. टीव्हीतल्या बाईनं डोळे पुसले आणि साबणाची जाहिरात लागली.

"जरा आत या सगळे," थोरला म्हणाला. उठता उठता त्याचा हात सवयीनं टीव्हीकडे गेला आणि त्यानं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. काहीच झालं नाही. त्यानं हात तसाच मागे घेतला.

या घराची ती रीतच होती. भांडायच्या आधी टीव्ही मोठा करायचा. शेजाऱ्यांची भिंत पातळ, म्हणून बाप आधी बटण फिरवायचा आणि मग तोंड उघडायचा. रीत बापाची, पण मुलांनी ती जास्त मन लावून पाळली. पुढे शेजारी बदलले, भीडही राहिली नाही. मग आईला कळू द्यायचं नसेल ते स्वयंपाकघरात बोलायचं आणि बाहेर टीव्ही मोठा ठेवायचा. गिरणीनं तिचे कान आधीच निम्मे खाल्ले होते. उरलेल्या निम्म्याची सोय टीव्ही करत असे.

आत गेल्यावर अक्कानं दार लोटलं. "हळू बोला," ती म्हणाली. "आज आवाज नाहीये."

*

आईनं गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि समोर बघितलं.

समोर टीव्ही होता. टीव्हीच्या वीतभर वर भांड्यांची खिडकी होती आणि खिडकीच्या चौकटीत तिची मुलं. इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं की आई टीव्ही बघते.

तरुणपणीची सगळी वर्षं तिनं कापडाच्या गिरणीत काढली होती, मागांच्या खात्यात. तिथे शेजारणीनं कानात बोंब मारली तरी ऐकू यायची नाही. बायका ओठांवर बोलायच्या. कुणाला दिवस गेले, कुणाच्या नवऱ्यानं काल मारलं, सगळं मागांच्या ओळींवरून या टोकाचं त्या टोकाला जायचं, आवाज न करता. मुकादमाला त्याच्या तोंडासमोर हसत शिव्या घालता यायच्या. मागांनी तिचे कान घेतले हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बदल्यात काय दिलं, ते कुणी कधी विचारलं नाही.

आणि कुजबुजणारा माणूस ओठ जास्तच हलवतो. आज तर छापल्यासारखं दिसत होतं.

"मी तिला नेईन असं तुम्ही कुणी धरून चालू नका," अक्का म्हणत होती. "माझे सासरे अंथरुणावर आहेत. म्हणूनच म्हणते, हाच सुरू करून घ्या. आवाज आला की ती पडून राहील गप. कुणाला हलवायला नको, काही नको."

"म्हणजे टीव्ही तुमच्यासाठी दुरुस्त करायचा," सून म्हणाली.

"माझ्यासाठी कशाला? आईसाठी!"

"तेच ते."

धाकटा मध्ये आला. "वहिनी, मी नवा देतोय ना? मोठातला मोठा देतो. पण मग 'सहा महिने तरी न्या' हा विषय पुन्हा नको. आमच्या हिला जमत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"छान. टीव्ही द्यायचा आणि आई ठेवून जायची. तुमच्या दुकानात चालते का अशी स्कीम?"

"टोमणे नकोत हं."

"मग नीट सांगा, खाट कुठे ठेवू? डोक्यावर?"

धाकट्यानं मान वळवली. आईला त्याचा गाल तेवढा दिसला. मग तो पुन्हा वळला आणि त्याचे ओठ चौकटीत आले. "मागच्या गॅलरीला पत्रा मारून घ्या ना. हवेशीर आहे. तिथे तिला कुणाचा त्रास नाही, तुम्हालाही नाही."

अक्कानं क्षणभर विचार केला. तिचा चेहरा मोकळा होताना आईनं पाहिला. लहानपणी गणित सुटलं की व्हायचा तसा.

"असं असेल तर मग नवाच घ्या," अक्का म्हणाली. "मला काय. ती या घरातच राहिली म्हणजे झालं."

थोरला खिडकीला पाठ करून उभा होता. त्याचा सदरा दिसत होता आणि मानेवरचे पिकलेले केस. तो नेहमी तसाच उभा राहायचा. ओट्याला टेकून, खिडकीकडे पाठ करून.

बापाच्या शेवटच्या आजारातही तो तसाच उभा होता. त्या दिवशी टीव्हीवर कुठलीतरी गाण्याची स्पर्धा होती, कानठळ्या बसवणारी. आत अक्का म्हणाली होती, आता मोठ्या इस्पितळात नेऊन काय उपयोग. धाकटा म्हणाला होता, हाल होतील, इथेच शांत जाऊ दे. सून काही न बोलता रडत होती. थोरला काय म्हणाला, ते पाठीमुळे दिसलं नाही. मग ते बाहेर आले, टीव्ही बारीक केला, आणि अक्का आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "डॉक्टर म्हणालेत, नेण्यात अर्थ नाही." स्वयंपाकघरात डॉक्टर नव्हता. आईनं मान हलवली होती.

दार उघडलं. आईनं नजर खाली टीव्हीवर आणली.

*

थोरला सगळ्यांत शेवटी बाहेर आला. तोवर अक्का खाटेच्या कडेवर बसली होती आणि तिनं आईचा हात हातात घेतला होता.

"आई, नवा टीव्ही यायचाय बरं का!" तिनं मोठ्यानं, तोंडभर सांगितलं. "शोरूम आणणार आहे. आणि तुला मागे छान हवेशीर जागा करून द्यायची ठरलीय."

"गॅलरीत," आई म्हणाली.

अक्काचं हसू तसंच राहिलं, पण बाकीचा चेहरा उतरला.

"पत्रा मारून," आई म्हणाली. "म्हणजे कुणाला त्रास नाही."

 थोरल्याच्या डोक्यात आधी हेच आलं की दार नीट लागलं नव्हतं. मग त्याला आठवलं, दार लागलं असलं काय नि नसलं काय, आत सगळे कुजबुजत होते आणि आई इथे होती, एवढ्या लांब. शिवाय मोठ्यानं बोललेलंही तिला दोनदा सांगावं लागतं.

"तुला ऐकू आलं?" धाकट्यानं विचारलं. त्याचा आवाज विक्रेत्याचा राहिला नव्हता.

"ऐकू कुठून येणार? दिसलं."

"काय दिसलं?"

"तोंडं." तिनं हनुवटीनं खिडकी दाखवली. "अक्काचं सगळ्यांत स्वच्छ. पोरांना बाराखडी शिकवते ना. तुझं अर्धं, तू मान फार वळवतोस. सूनबाईचं सगळं दिसतं, ती आत जे बोलते ते तोंडावरही बोलू शकेल, फक्त बोलत नाही." मग तिनं थोरल्याकडे पाहिलं. "तुझं कधीच नाही. तुझी पाठ असते."

अक्कानं आईचा हात सोडला होता. "गिरणीतल्या बायका," ती स्वतःशीच पुटपुटली. "तू आणि ती समोरची काकू... अंगणाच्या दोन टोकांना बसून, नुसते ओठ... आम्ही हसायचो तुम्हाला."

"हो. तुम्ही नकलाही करायचात."

"म्हणजे इतकी वर्षं..." धाकटा म्हणाला आणि थांबला. खोलीतला प्रत्येकजण मनानं मागे मागे जात होता. आपण त्या खिडकीच्या पलीकडे केव्हा काय बोललो, टीव्ही मोठा करून, बेफिकीर. थोरला सगळं ओलांडून थेट एकाच दिवसापाशी जाऊन पोचला. आणि आईही तिथेच पोचली आहे, हे त्याला तिच्या नजरेवरून कळलं.

"तुझे बाबा शेवटचे अंथरुणावर होते तेव्हा," ती म्हणाली. "इस्पितळाचं. या दोघांनी काय सांगितलं ते मी बघितलं. तुझं राहिलं. तू काय म्हणालास?"

"आई, आता ते कशाला," अक्का म्हणाली.

"तुला नाही विचारत."

थोरल्यानं टीव्हीकडे पाहिलं. तिथे एक माणूस हात हलवून हवामान सांगत होता. खोटं बोलता आलं असतं. मी न्या म्हणालो होतो, यांनी ऐकलं नाही, असं. त्या दोघांनी त्याला खोटंही पाडलं नसतं, त्याला खात्री होती.

"काहीच नाही म्हणालो," तो म्हणाला.

"काहीच नाही?"

"नाही."

आईनं मान हलवली, तशीच, त्या दिवशीसारखी. "मला वाटायचं, तू न्या म्हणाला असशील. पाठीवरून माणूस काय बोलतो ते कळत नाही, म्हणून मला हवं ते मी मानून घेतलं."

"तू तरी बोलायचंस!" अक्काचा आवाज एकदम चढला. "सगळं दिसत होतं ना? मग बाहेर बसून तमाशा बघत राहिलीस? तुझा नवरा होता!"

"हो. माझा नवरा होता," आई म्हणाली. "म्हणून वाटलं, कुणीतरी बाहेर येऊन मला विचारेल. मी वाट बघत होते."

*

अक्का जिन्यापर्यंत आली तेव्हा तिच्या चपलेचा बंद नीट लागला नव्हता. धाकटा तिच्यामागून गाडीची किल्ली बोटात फिरवत आला.

"तू तर दुरुस्त करा म्हणत होतीस आधी," तो म्हणाला. "मधेच पलटलीस, म्हणून हे झालं."

"गॅलरी कुणी काढली? मी?"

"मी टीव्ही तरी देत होतो. तू काय देत होतीस?"

"तुझा टीव्ही घाल तिकडे!" असं म्हणताना अक्काचा पंजा तोंडासमोर गेला. दार मागे केव्हाच बंद झालं होतं. जिन्यात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. तिनं हात खाली घेतला, पण पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं तसा तो पुन्हा वर आला. तेव्हा ती न बोलताच खाली उतरली. भावाच्या गाडीत बसली नाही. उद्या वर्गात पोरांसमोर उभं राहून ओठांचा मोठा गोल करून 'ओ' म्हणायचा होता. त्या कल्पनेनंच तिला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त राग आला. आईचाच.

*

घरात थोरला टीव्हीसमोर बसून होता. कुणीही तो बंद केला नव्हता.

सुनेनं स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. मग तिच्या लक्षात आलं की आपण खिडकीला पाठ करून उभ्या आहोत, नवऱ्यासारख्या. तिनं गॅस बंद केला.

हे स्वयंपाकघर तिला आपलं वाटत होतं. बाकी घर सासऱ्यांचं, खाट सासूची, टीव्ही सगळ्यांचा, पण इथे, खिडकीपाशी भांडी लावता लावता, ती मनातलं बोलायची. नवऱ्याशी, बहिणीशी फोनवर, कधी एकटीच भांड्यांशी. सासूबद्दल काय काय बोलली होती! म्हातारी मरत नाही, असंसुद्धा, एकदा नव्हे. आणि ते बोलून झाल्यावर ताट वाढून बाहेर नेऊन दिलं होतं, आणि समोरून "मीठ बेतात पडलंय आज" असं ऐकलं होतं.

तिनं एक स्टूल उचललं, बाहेर आणलं आणि खाटेसमोर ठेवलं, रस्त्याकडच्या खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर येईल असं. दवाखान्यात ती पेशंटची नावं पुकारायचं काम करायची. कोण कमी ऐकतं, कोण मुद्दाम ऐकत नाही, तिला ओळखता यायचं.

"आई, माझ्याकडे बघा."

"बघतेच आहे."

"धाकट्या भाऊजींकडे जायचंय तुम्हाला?"

"तो नेणार नाही."

"ते मला माहीत आहे. तुम्हाला जायचंय का, ते विचारतेय."

 "नाही," ती म्हणाली.

"अक्कांकडे?"

"नाही."

"मग इथेच."

"तुला चालेल?"

"नाही चालणार," सून म्हणाली. थोरल्यानं मान वर केली. "मला तुम्ही नको आहात, आई. तुम्हाला ते माझ्याआधी माहीत असेल, तुम्ही रोज बघत होता. पण गॅलरीत मी माणूस ठेवणार नाही. उद्या माझ्या पोरीनं माझ्यासाठी पत्रा आणला तर कुठल्या तोंडानं नको म्हणू? म्हणून. तुमच्यावर माया आहे म्हणून नाही."

"कळलं."

"राग आलाय मला. मी काय काय बोलले असेन आणि तुम्ही ऐकत... बघत होता. एकदा तरी सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही कुठे बोलला असतात?"

"दुसरीकडे. तुमच्या नजरेआड."

"तेच," आई म्हणाली. "मग मला घरातलं काय कळलं असतं? मला येऊन कोण सांगतं काही?"

सून स्टुलावरून उठली आणि खोलीच्या भिंती बघू लागली. 

"अगं," थोरला मध्ये म्हणाला, "मी काय म्हणतो, तो मेकॅनिक जुना भाग बसवतो म्हणत होता ना, तर..."

"तुम्ही काही म्हणू नका," ती म्हणाली. "नवाच येईल. आपण आणू, भाऊजींचा नको. त्यांच्या टीव्हीच्या बदल्यात मला त्यांची आई सांभाळायची नाही. मला घरात आवाज हवाय. या शांततेत मला भाकरी थापायची तरी भीती वाटेल. या भिंतीला टीव्ही. सोफा नको. आईंची खाट पलीकडे, त्या भांड्यांच्या खिडकीखाली."

आईनं तिकडे पाहिलं. जुन्या टीव्हीच्या जागी आपली खाट तिनं नजरेनं मांडून बघितली. खिडकी डोक्याच्या वर येणार होती. उशीवरून दिसलं असतं ते समोरचं, नवं, पातळ, बोलणारं.

"तिथून आतलं काही दिसणार नाही," ती म्हणाली.

"म्हणूनच."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. थोरला उठला आणि त्यानं टीव्हीची पिन काढली. हवामान सांगणारा माणूस मधल्या मधे आक्रसून ठिपका झाला आणि विझला. मग दोघं नवरा-बायको वाकले आणि त्यांनी ते धूड कण्हत कण्हत दारापाशी नेऊन ठेवलं. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला होता.

तोवर आई खाटेवरून उतरली होती. तिनं चादर घडी केली, उशी स्टुलावर ठेवली आणि खाटेचं एक टोक धरलं.

"राहू दे आई, मी धरतो," थोरला पुढे झाला.

"तू सरक," आई म्हणाली.

सुनेनं दुसरं टोक धरलं. मान वर केली, सासूला नीट दिसेल असं तोंड समोर आणलं आणि म्हणाली, "आधी पायाकडची बाजू फिरवायची. मग उचला."

आईनं ओठ वाचले आणि उचललं.